लीडरकडे बघायचं की आकाशाकडे?

जानेवारी २०२४मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती झाल्या, तेव्हा कठड्यावरची गर्दी सगळ्यात खूश झाली ती सूर्यकिरण पथकाच्या हॉक विमानांवर. शेजारशेजारच्या विमानांत जेमतेम पाच मीटरची फट, आणि तरी सगळी एका दोरीत ओवल्यागत वळतात, उलटतात, वर चढतात. टाळ्या पडतात त्या या जवळिकीला. कसब मोठंच आहे, वाद नाही. पण १९४०च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर उडवलेल्या वैमानिकांच्या आठवणी वाचल्या, तर या देखण्या जवळिकीबद्दल त्यांचं मत बरंच कडवट दिसतं. शांततेच्या काळात जिच्यासाठी शाबासकी मिळायची, तीच सवय लढाईत त्यांच्या कितीतरी सोबत्यांच्या जिवावर बेतली. असं का झालं हे कळायचं तर फॉर्मेशन उडवतात कसं ते आधी समजून घ्यायला हवं, आणि त्याच्याही आधी ते विमान जमीन सोडतं कसं ते.

स्पिटफायर पहिल्यांदा उडालं ५ मार्च १९३६ला आणि १९३८मध्ये हवाई दलात आलं. हवेत ते देखणं आणि हलक्या हाताचं. जमिनीवर मात्र कटकटीचं. शेपटीचं चाक खाली, नाक वर, त्यामुळे कॉकपिटमधून समोर दिसतं ते फक्त इंजिनाचं लांबलचक झाकण. धावपट्टीकडे जाताना वैमानिकाला विमान नागमोडी न्यावं लागायचं: थोडं डावीकडे वळवायचं, उजव्या बाजूने डोकवायचं; थोडं उजवीकडे, मग डाव्या बाजूने. पुढची दोन चाकं एकमेकांच्या फार जवळ, म्हणून वळताना ते डुगडुगतं. रेडिएटर उजव्या पंखाखाली. जमिनीवर त्याला पुरेसा वारा मिळत नाही, त्यात चाकाचा दांडा नेमका त्याच्या तोंडाशी. इंजिन सुरू करून रेंगाळत बसलात की काटा चढत जातो आणि इंजिन थंड ठेवणारा द्रव उकळायला लागतो. घाई करावी तर समोरचं दिसत नाही, आणि सावकाश जावं तर इंजिन तापतं.

दोन बैठकांचं शिकाऊ स्पिटफायर त्या काळात नव्हतंच. पहिलं उड्डाण एकट्यानेच करायचं. जेफ्री वेलम ९२ स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याचं ‘फर्स्ट लाइट’ हे पुस्तक २००२मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी आलं, आणि त्यात वीरश्रीपेक्षा एका पोराची तारांबळच जास्त आहे. मला या मंडळींच्या आठवणींतलं सगळ्यात विश्वासार्ह वाटतं ते हेच. पाडलेल्या विमानांचे आकडे ते घाईने सांगतात. हात कुठे होता, पाय कुठे होता, हे मात्र बारकाव्याने.

उड्डाणाच्या वेळी हात कुठे असतो ते पाहू. डावा हात थ्रॉटलवर, उजवा स्टिकवर. थ्रॉटल पुढे सारला की मर्लिन इंजिन विमानाला डावीकडे खेचतं. उजवा पाय रडरवर दाबून ते सरळ ठेवायचं. चाकं जमिनीवरून सुटली की ती आत घ्यायची, आणि ती घ्यायची दांडी आहे उजव्या बाजूला! म्हणजे डावा हात थ्रॉटलवरून काढायचा, त्याने स्टिक धरायची आणि उजव्या हाताने दांडी ओढायची. अगदी सुरुवातीच्या विमानांत तर दांडीऐवजी हातपंप होता. उजवा हात पंप मारतोय, त्याच लयीत डावा हात नकळत पुढे-मागे होतोय, आणि विमान नाक वरखाली करत झाडांवरून चाललंय. नवखा कोण हे जमिनीवरून बघणाऱ्याला लगेच ओळखू यायचं. आणखी एक बारीक गोष्ट. थ्रॉटलच्या बुडाशी एक चाकी असते, ती पिळून थ्रॉटल घट्ट करून ठेवायचा. ती पिळायला विसरलात, तर हात काढताच इंजिनाच्या थरथरीने थ्रॉटल हळूहळू मागे सरकतो आणि ताकद ऐन वेळी कमी होते.

हे सगळं एकट्याने करणं वेगळं. त्या काळी विमानतळ म्हणजे गवताचं मोठं मैदान असायचं आणि तिघं तिघं एकदमच उडायचे. ३१ ऑगस्ट १९४०ला हॉर्नचर्चच्या तळावरून न्यूझीलंडचा अ‍ॅलन डीअर आणि त्याचे दोन साथीदार असे एकत्र सुटत असतानाच वरून बॉम्ब पडले. डीअरचं स्पिटफायर उलटं होऊन तसंच घसरत गेलं. तिन्ही विमानं मोडली; तिन्ही वैमानिक वाचले. डीअरने पुढे आत्मचरित्राला ‘नाइन लाइव्ह्ज’ हे नाव दिलं, ते उगीच नव्हे.

भारतीय हवाई दलाला स्पिटफायर मिळाली १९४४पासून. त्यातल्या ‘आठ’ नंबरच्या प्रकाराला मर्लिन इंजिन होतं; पाठोपाठ आलेल्या ‘चौदा’ला ग्रिफन. ग्रिफन मर्लिनच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे विमान डावीकडे न जाता उजवीकडे ओढतं. महिनोन्‌महिने उजवा पाय दाबायची सवय झालेल्या माणसाने सवयीने तोच दाबला, तर विमान धावपट्टी सोडून भलतीकडेच निघायचं. या पिढीतलं आपल्याकडचं नाव म्हणजे मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर. १९४७-४८च्या काश्मीरच्या लढाईतल्या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळालं, आणि १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलप्रमुख होते.

आता फॉर्मेशनकडे वळू. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्रत्येक वैमानिक समोर बघून आपापला रस्ता धरून चाललाय. तसं नसतं. पुढे कुठे जातोय ते फक्त लीडर बघतो. त्याच्या बाजूचा, म्हणजे नंबर दोन, समोर बघतच नाही. त्याची मान लीडरच्या विमानाकडे वळलेली आणि नजर तिथेच खिळलेली. ती कशावर खिळवायची हेही ठरलेलं असतं. विमानाच्या प्रकारानुसार दोन खुणा निवडतात: समजा, लीडरच्या पंखाच्या टोकावरचा दिवा आणि त्याच्या धडावरचं गोल चिन्ह. आपल्या जागेवरून हा दिवा बरोबर त्या गोलावर दिसला पाहिजे. दिवा शेपटीकडे सरकलेला दिसला तर आपण पुढे गेलोय. नाकाकडे सरकला तर मागे पडलोय. गोलाच्या खाली दिसला तर आपण वर आहोत. आकाशात कुठे आहोत, किती वेगाने चाललोय, क्षितिज कुठेय, यातलं काहीही बघायची गरज उरत नाही.

जागा धरून ठेवणं हे मुख्यतः डाव्या हाताचं काम. मागे पडलोय म्हणून थ्रॉटल थोडा उघडला, तर विमान पुढे सरकतं आणि सरकतच राहतं. म्हणून जागेवर पोचायच्या आधीच तो मिटावा लागतो, आणि पोचल्यावर तिथे टिकण्यापुरता पुन्हा किंचित उघडावा लागतो. एका दुरुस्तीला हाताच्या तीन हालचाली. नवशिका दुसरी हालचाल उशिरा करतो, त्यामुळे कधी लीडरच्या पुढे तर कधी मागे असा झोके खात राहतो. मग घाबरून स्टिक आवळतो आणि विमान वरखालीही होऊ लागतं. अशा वेळी प्रशिक्षक सांगतात, “बुटातली बोटं हलव.” बोटं हलवायची तर आखडलेला पाय सैल सोडावाच लागतो, आणि पायापाठोपाठ हातही सैलावतो.

खरा त्रास वळणावर. शाळेच्या कवायतीत रांग वळते तेव्हा बाहेरच्या टोकाचं पोर धावत सुटतं आणि आतलं जागच्या जागी पाय आपटत राहतं. आकाशात तेच होतं, फक्त जागच्या जागी पाय आपटायची सोय नाही. आकडे मांडून बघू. ताशी ३०० किलोमीटर वेगाने तीस अंश कलून वळलं, तर वळणाची त्रिज्या साधारण १,२०० मीटर येते. बाहेरचं विमान लीडरपासून १५ मीटरवर असेल तर त्याला ताशी चारेक किलोमीटर जास्त वेग पुरतो. तेच २०० मीटरवर असेल तर ताशी ५० किलोमीटर जास्त लागतो, आणि तेवढी ताकद हाताशी नसेल तर ते मागे राहतं. आतल्याला तितकंच हळू व्हायचं असतं, आणि विमान हळू होण्यालाही मर्यादा असते. ही लांबरुंद फॉर्मेशनची अडचण ध्यानात ठेवायला हवी. विमानं अंगाला अंग लावून का उडत होती याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

लीडरलाही पथ्यं असतात. पूर्ण ताकद त्याने कधी वापरायची नाही, नाहीतर मागच्यांना सावरायला काही उरत नाही. वळायचं ते सावकाश. सगळी विमानं त्याच्या एकाच बाजूला तिरकी लागलेली असतील, तर शक्यतो त्यांच्या अंगावर वळायचं नाही. मागच्याने पाळायचा नियम एकच, पण कडक: लीडर दिसेनासा झाला की शोधत बसायचं नाही, ताबडतोब त्याच्यापासून लांब वळायचं आणि रेडिओवर तसं सांगायचं. ढगात शिरल्यावर याचा कस लागतो. बाहेर नुसता पांढरा अंधार, कान सांगतोय की आपण उजवीकडे कललोय, आणि लीडरचं विमान मात्र डावीकडे कलल्यासारखं दिसतंय. अशा वेळी कानाचं ऐकायचं नाही. लीडर कलला तर आपण कलायचं. तो सरळ असेल तर आपणही सरळ आहोत असं धरून चालायचं.

युद्धाआधीच्या इंग्रजी हवाई दलाने तिघांची ‘व्हिक’ स्वीकारली त्याची कारणं यातच आहेत. मधे लीडर, दोन बाजूंना मागे एकेक. वळायला सोपी, ढगांतून पार व्हायला सोपी, हुकमात ठेवायला सोपी. बारा विमानांचं स्क्वाड्रन म्हणजे अशा चार व्हिक. हल्ल्याचे प्रकारही क्रमांक देऊन पाठ करून घेतलेले. यामागचं गृहीतक असं, की जर्मन बॉम्बर येतील ते एकटेच, कारण जर्मनीतून निघालेलं लढाऊ विमान इंग्लंडपर्यंत पोचून परत जाऊ शकत नाही. गणित बरोबर होतं. फक्त जून १९४०मध्ये फ्रान्स पडला, आणि मेसरश्मिट १०९ विमानं इंग्लिश खाडीच्या पलीकडे कॅलेजवळ येऊन बसली.

मग व्हिकचं वैगुण्य उघडं पडलं. तिघांपैकी दोघांचे डोळे लीडरच्या पंखाला चिकटलेले. आकाश बघणारी नजर तिसऱ्याची, म्हणजे लीडरचीच, आणि ती पुढे. पाठीमागे, सूर्याच्या बाजूला कुणी बघतच नाही. उपाय म्हणून एकाला मागे ठेवून डावी-उजवीकडे हेलकावे घेत पहारा करायला लावलं. हेलकाव्यांत त्याचं इंधन जास्त जळायचं, तो मागे पडायचा, आणि बहुतेकदा पहिली गोळी त्यालाच लागायची. बाकीच्यांना तो नाहीसा झाल्याचं कळायचंही नाही. वैमानिकांनी मोटारीचे आरसे आणून कॉकपिटच्या चौकटीवर ठोकले. गळ्याभोवतीचा रेशमी रुमाल सिनेमात ऐटीचा वाटतो. प्रत्यक्षात सतत मागे वळून मान कॉलरवर घासायची आणि सोलवटायची, म्हणून तो.

जर्मनांनी हा धडा स्पेनच्या यादवी युद्धात घेतला होता. तिथे त्यांच्याकडे विमानंच थोडी, म्हणून ती जोडीने उडू लागली, आणि व्हेर्नर म्योल्डर्सने १९३८मध्ये त्यातून दोन जोड्यांची रचना बसवली. उजवा हात टेबलावर पालथा ठेवा. मधल्या बोटाचं नख म्हणजे लीडर, तर्जनी त्याचा नंबर दोन. अनामिका दुसऱ्या जोडीचा म्होरक्या, करंगळी त्याचा नंबर दोन. विमानांमध्ये अंतर १५ मीटर नव्हे, सुमारे २०० मीटर. एवढ्या अंतरावर कुणाच्या पंखाकडे टक लावायची गरज नाही. अधूनमधून एक कटाक्ष पुरतो. उरलेल्या वेळात प्रत्येकाने दुसऱ्याच्या पाठीमागचं आकाश राखायचं. आठ डोळे, आठही मोकळे.

पण मघाची वळणाची अडचण? २०० मीटरवरचा माणूस वळताना मागे राहणारच. यावरची युक्ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशारीची वाटते: वळताना बाजू बदलायच्या. उजवीकडे वळायचं असेल तर डाव्या टोकाचं विमान आधी वळतं आणि इतरांच्या मागून किंवा वरून पलीकडे जातं. मग त्याच्या आतलं, मग त्याच्या आतलं. वळण संपतं तेव्हा डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. प्रत्येकाचा रस्ता जवळपास सारखा, थ्रॉटलला हात लावायची वेळच येत नाही.

इंग्रजांना हे पचायला वेळ लागला. ७४ स्क्वाड्रनच्या ‘सेलर’ मलानने तिघांऐवजी चौघं एकामागे एक उडवून बघितले. दोन्ही पाय कृत्रिम असलेल्या डग्लस बाडरने १९४१च्या वसंतात टँगमेअरच्या तळावर चार बोटांची रचना उचलली. त्याच्यासोबत उडणाऱ्या जॉनी जॉन्सनने ‘विंग लीडर’ या पुस्तकात त्या दिवसांबद्दल लिहिलंय. शत्रूची रचना जशीच्या तशी उचलली म्हणून कुणाला कमीपणा वाटल्याचं दिसत नाही. वाटलीच तर ती वर्षभर आधी न उचलल्याची चुटपुट.

जेट आल्यावर हाताच्या सवयी पुन्हा बदलाव्या लागल्या. प्रोपेलरच्या विमानात थ्रॉटल मिटला की प्रोपेलरच ब्रेक बनतो, उघडला की इंजिन लगेच ओढ घेतं. भारताला १९४८मध्ये मिळालेल्या व्हँपायर जेटमध्ये हे दोन्ही नाही. थ्रॉटल पुढे केल्यावर इंजिनाला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, आणि मागे घेतला तरी गुळगुळीत विमान पुढे जातच राहतं. म्हणजे मागे पडायच्या आधीच पडणार हे ओळखून हात हलवायला हवा. जेट विमानांना त्यासाठी हवेतले ब्रेक बसवलेले असतात. छोट्याशा नॅटने तर त्यातही काटकसर केली: चाकं अर्धवट खाली सोडली की त्यांची झाकणंच ब्रेकचं काम करतात.

नॅटच्या पंखांची रुंदी सात मीटरसुद्धा नव्हती. ३ सप्टेंबर १९६५ला पठाणकोटहून निघालेल्या नॅट विमानांनी या लहानपणाचा पुरेपूर फायदा घेतला. रडारवर दिसावीत म्हणून मिस्टियर विमानं वरून गेली. नॅट झाडांच्या उंचीवरून, लपून. पाकिस्तानी सेबर आमिषावर आली आणि खालून नॅट वर चढली. ट्रेव्हर कीलर यांना त्या दिवसासाठी वीरचक्र मिळालं. त्याच दिवशी फॉर्मेशनपासून तुटलेलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. ते आज कराचीच्या संग्रहालयात आहे. जोडी सुटली की काय होतं त्याचा याहून ठळक दाखला शोधावा लागणार नाही.

जोडी टिकली की काय होतं ते २२ नोव्हेंबर १९७१ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर, बोयराच्या आकाशात दिसलं. डमडमहून २२ स्क्वाड्रनची चार नॅट निघाली: मॅसी आणि सोरेस, गणपती आणि लॅझरस. चार बोटांचीच रचना, दोन जोड्या. मॅसी एका सेबरच्या मागे वर गेले, आणि इतर सेबर हल्ल्यातून वर येताना गणपती-लॅझरस जोडीच्या बरोबर पुढ्यात आली. गणपतींनी रेडिओवर “मर्डर, मर्डर, मर्डर” असा ठरलेला संकेत दिला, तो आजही हवाई दलात सांगतात. त्या दिवशी पकडलेल्या पाकिस्तानी वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी १९९७मध्ये त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. लॅझरस यांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र लिहिलं आणि कुरेशींनी उत्तरही पाठवलं.

मग अंगाला अंग लावून उडणं उरलं कशासाठी? ढगांसाठी, एकत्र परतण्यासाठी, आणि आपल्यासाठी, म्हणजे खाली माना वर करून उभ्या असलेल्यांसाठी. १९५८मध्ये इंग्लंडमध्ये फार्नबरोला इंग्रजी हवाई दलाच्या ‘ब्लॅक अ‍ॅरोज’नी २२ हंटर विमानं एकत्र लूपमधून फिरवली. आपल्याकडे १९८२पासून ‘थंडरबोल्ट्स’ची नऊ हंटर तशीच दिसायची. अशा रचनेत मागचं विमान पुढच्याच्या किंचित खाली ठेवतात, कारण पुढच्याच्या धुराची आणि पंखांच्या टोकांची घुसळलेली हवा अंगावर आली तर जागा धरणं अशक्य होतं.

उतरताना घट्ट फॉर्मेशन धावपट्टीवरून सरळ येतं आणि तिथे फुटतं. ठरावीक सेकंदांच्या अंतराने एकेक विमान झटक्यात वळून बाहेर पडतं. त्या तीव्र वळणात वेग आपोआप उतरतो आणि दोन विमानांमध्ये उतरण्यापुरतं अंतरही पडतं. स्पिटफायरच्या वैमानिकाला त्यापुढेही वळतच यावं लागतं, कारण सरळ आलं तर नाकाआड धावपट्टीच दिसत नाही. अगदी शेवटच्या क्षणी विमान सरळ करून टेकवायचं. रिवाजाप्रमाणे लीडर आधी उतरतो. पण थ्रॉटल सतत मागेपुढे करून नंबर दोनने लीडरपेक्षा जास्त इंधन जाळलेलं असतं. त्याचा काटा तळाला लागला असेल, तर लीडर वरच घिरट्या घालत थांबतो आणि त्याला आधी खाली पाठवतो.